झेब्रा क्रॉसिंगच्या अलीकडचा वॉर्ड

आमचा वॉर्ड आता नकाशात नाही. त्याचं नाव एका बसस्टॉपवर आणि एका बंद पबच्या पाटीवर तेवढं उरलंय. नव्यानं राहायला आलेल्यांना वाटतं, ते पबचंच नाव. मी सांगतो, नाही. तो वॉर्ड होता, त्याला एक कौन्सिलर, म्हणजे नगरसेविका होती, आणि तो गेला त्यात माझा हात आहे.

मी चौथी शिकलेला. हिला इथल्या हॉस्पिटलात नर्सची नोकरी लागली, मागून मी इंग्लंडात आलो आणि स्लाऊच्या ट्रेडिंग इस्टेटवर, म्हणजे कारखान्यांच्या वसाहतीत, एका गोदामात लागलो. बायकोच्या मागून आलेला नवरा म्हणून आमच्यातले डॉक्टर लोक माझ्याकडे कसे बघायचे ते मला कळायचं. बघू देत. मी कुणापुढे वाकलो नाही. पासपोर्टसुद्धा भारताचाच ठेवला. ही म्हणायची, "अहो, बदलून घ्या, सगळ्यांनी घेतला." मी म्हणायचो, "सगळ्यांनी घेतला म्हणूनच नाही घेत."

म्हणून ती कौन्सिलर बाई पहिल्यांदा दारात आली तेव्हा मी तिला उंबऱ्यावरूनच परत पाठवत होतो. "नो व्होट. इंडियन पासपोर्ट."

"मग काय झालं?" ती म्हणाली. "भारत कॉमनवेल्थमध्ये आहे ना? मग इथे मत देता येतं. जेवढं माझं मत, तेवढंच तुझं."

पूर्वी ती बसमध्ये कंडक्टर होती. आवाज तसाच, वरच्या मजल्यापर्यंत जाणारा. मला खरं वाटेना. हिनं हॉस्पिटलात चौकशी केली, तर खरंच. गावाकडे माझ्या दारात येऊन कधी कुणी मत मागितलं नव्हतं. सरपंचाची माणसं धरून नेतील तिकडे आम्ही जायचो. इथे एक गोरी बाई पावसात उभी राहून माझं मत मागत होती. तेव्हापासून मी तिचा झालो, त्यात लपवण्यासारखं काही नाही.

तिला आमची नावं घेता यायची नाहीत. पण ती घ्यायचा प्रयत्नही करत नव्हती, हे मला आवडलं. "मी तुझं नाव मोडून टाकीन रे, त्यापेक्षा घराचा नंबर बरा," म्हणाली. मी झालो फिफ्टी-टू. बाजारात, बसमध्ये, कुठेही, लांबून हाक यायची, "फिफ्टी-टू! गुडघा काय म्हणतोय?" समोरचे सरदारजी फिफ्टी-वन. ते टॅक्सी चालवायचे. मला म्हणायचे, "पाजी, तुम्ही माझ्यापेक्षा एकानं मोठे, म्हणून चहा तुमच्याकडे."

आमची गल्ली आणि मुलांची शाळा यांच्यामध्ये मोठा रस्ता. इस्टेटच्या लॉऱ्या तिथून सुसाट जायच्या. बाई कौन्सिलला सांगून सांगून थकली. मग एका सकाळी तिनं सगळ्या गल्लीला रस्त्यावर बसवलं. मी स्वयंपाकघरातली खुर्ची घेऊन गेलो. ही मागून ओरडली, "अहो, ती डुगडुगते, दुसरी न्या!" डुगडुगत्या खुर्चीवर मी लॉऱ्यांच्या पुढे बसलो. मला तसं मानानं आजवर कुणी बसवलं नव्हतं. झेब्रा क्रॉसिंग झालं. पट्ट्यांचा रंग वाळला तशी बाई हिचा हात धरून पहिल्यांदा त्यावरून गेली.

निवडणुकीच्या दिवशी आम्ही त्याच पट्ट्यांवरून शाळेत मत द्यायला जायचो. एकेकटं कुणी जात नसे. सगळी गल्ली मिळून जायची. बाई फाटकाशी छातीवर रोझेट, म्हणजे पक्षाच्या रंगाचं रिबिनीचं फूल, लावून उभी. ही थर्मासमधून चहा द्यायची. "फार गोड!" म्हणून बाई तोंड वाकडं करायची आणि दुसरा कप मागायची.

नवं शतक लागून दोन-तीन वर्षं झाली असतील. सगळ्या वॉर्डांत सारखे मतदार हवेत म्हणून सीमा नव्यानं आखायच्या ठरल्या. पहिला नकाशा आला त्यात रेघ आमच्या गल्लीच्या मधोमध. विषम नंबरची घरं आपल्या वॉर्डात, सम नंबरची शेजारच्या. शेजारचा वॉर्ड म्हणजे मोठ्या बागांची घरं. तिथल्या लोकांचा आमच्याशी संबंध काय, तर त्यांच्या गाड्या आमच्या गल्लीतून शॉर्टकट मारायच्या.

बाई त्याच संध्याकाळी आली आणि स्वयंपाकघरात, त्या डुगडुगत्या खुर्चीवर बसली.

"फिफ्टी-टू, या वेळी गप्प बस. विषम बाजू माझ्याकडे राहिली तर वॉर्ड टिकतो. नाव टिकतं. मी जेमतेम निवडून येईन, पण येईन."

"आणि आम्ही?"

"तुझ्या दारात मी येतच राहणार. नकाशा मला थोडाच अडवतोय?"

"म्हणजे सरदारजी तुमचे आणि मी परका? एकाच गल्लीत?"

ही म्हणाली, "अहो, त्या स्वतः सांगतायत ना? जरा ऐका की."

"गल्ली एक आहे," मी म्हणालो. "कापू देणार नाही."

बाईनं कप खाली ठेवला. "हट्टी बोकड आहेस नुसता," म्हणाली आणि हसली. पण तो चहा तिनं अर्धाच प्यायला होता.

मी कुणाचं ऐकलं नाही. दारोदार फिरलो, सरदारजींना सोबत घेतलं. लायब्ररीच्या वरच्या हॉलमध्ये सुनावणी झाली तेव्हा कोट घालून गेलो. बोलायची पाळी आली तेव्हा सगळं इंग्रजी डोक्यातून उडालं. उरलं तेवढं बोललो, "वन स्ट्रीट. बोथ साइड, सेम वॉर्ड." समोरच्या साहेबानं मान हलवली आणि पेन्सिलीनं लिहून घेतलं. गोदामात इतकी वर्षं काढली, माझं बोलणं कुणी लिहून घेतलं नव्हतं. घरी येताना मी मोठ्या रस्त्याच्या मधून चाललो असतो तरी लॉऱ्या थांबल्या असत्या, असं मला वाटत होतं.

शेवटचा नकाशा आला तो हिनं वाचला.

"अहो, तुमचं ऐकलं त्यांनी," म्हणाली.

रेघ आता मोठ्या रस्त्यावरून गेली होती. गल्ली अख्खी, दोन्ही बाजू एकत्र, मी म्हणालो अगदी तशीच. फक्त अख्खी गल्ली शेजारच्या वॉर्डात. आणि आम्ही गेल्यावर पलीकडे उरलेला आमचा वॉर्ड इतका लहान झाला की तो दुसऱ्यात मिसळून टाकला. नाव पुसलं. बाईचं घर पलीकडच्या बाजूला. तिची मतं अलीकडे, आमच्याबरोबर गेली. ती पुन्हा उभी राहिली नाही.

त्यानंतरच्या निवडणुकीच्या आधी नव्या वॉर्डाचा एक तरुण उमेदवार दारात आला. कागदावर बघून त्यानं माझं नाव घेतलं, आडनावासकट, अगदी स्पष्ट. मी लीफलेट घेतलं आणि दार लावलं.

मतदानाच्या दिवशी गल्ली टेनिस क्लबाकडे निघाली. तिथे आमचं नवं पोलिंग स्टेशन. मी म्हणालो, तुम्ही व्हा पुढे. आणि थर्मास घेऊन क्रॉसिंगवरून जुन्या शाळेकडे गेलो. मला ठाऊक होतं माझं मत तिथे नाही. तरी गेलो.

बाई फाटकाशी होती, पण रोझेट नव्हतं. मत देऊन घरी निघाली होती. आधीपेक्षा बारीक दिसली.

"चुकीच्या दुकानात आलास, फिफ्टी-टू."

"चहा आणलाय," मी म्हणालो.

फाटकाला टेकून आम्ही चहा घेतला. गोड आहे असं ती म्हणाली नाही. मी मनात किती वेळ वाक्य जुळवत होतो. मी ऐकायला हवं होतं, एवढंच इंग्रजीत म्हणायचं होतं. तेवढं इंग्रजी मला येत नव्हतं असं नाही. तोंडातून निघालं वेगळंच. "वन स्ट्रीट, बाई. दे डिड नॉट कट."

"नाही कापली," ती म्हणाली. "तू म्हणालास तेच झालं." त्यात टोमणा नव्हता. असता तर मला बरं वाटलं असतं.

मग ती माझ्याबरोबर मोठ्या रस्त्यापर्यंत आली. तिनं नुसता पाय पुढे टाकला आणि दोन्हीकडच्या लॉऱ्या थांबल्या. पण ती पट्ट्यांवर आली नाही.

"जा लवकर," म्हणाली. "टेनिसवाले वाट बघत असतील."

मी एकटाच ओलांडून आलो. पलीकडे हातात रिकामा कप घेऊन ती उभी होती. थर्मासाचं झाकण होतं ते, माझंच. परत मागायला मी पुन्हा पलीकडे गेलो नाही.