दोन पानांचा भाव

चष्मा काढला की समजायचं, गेलात तुम्ही.

कुठे गेलात? पुस्तकात. आमच्या कंट्रोलर साहेबांची ही खूण सगळ्या गल्लीला पाठ होती. बोलता बोलता समोरचा माणूस आवडला, की ते चष्मा काढायचे, सदऱ्याच्या टोकाला पुसायचे आणि डोळ्यांवर न घालता हातातच धरून बसायचे. काचा बाटलीच्या बुडासारख्या जाड. त्या काढल्यावर समोर माणूस आहे की घागर, हेही त्यांना कळत नसणार. मी एकदा विचारलं, "साहेब, नीट बघायचं असतं तेव्हाच चष्मा कामून काढता?"

"मालक, चष्म्यातून कपडे दिसतात," ते म्हणाले. "काढला की नुसतं बोलणं उरतं."

ते एसटीत कंट्रोलर होते. आधी निलंग्याला, मग लातूरला. दिवसभर स्टँडच्या खिडकीत बसून माइकवर गाड्या पुकारायच्या, आणि घरी आल्यावर फौजदार सुस्त्याच्या कादंबऱ्या लिहायच्या. हा सुस्ते जिथं जाईल तिथं झोपायचा. पंचनाम्यात झोपायचा, पाठलागात जीपमध्ये झोपायचा, आणि जागा झाला की खुनी शेजारीच बसलेला असायचा. पुस्तकं नांदेडला छापली जायची. पातळ, भडक मुखपृष्ठाची. स्टँडवरच्या स्टॉलवर चिक्कीच्या बरणीला टेकून उभी असायची. लातूरला घेतलं की नांदेड यायच्या आत खुनी सापडायचा.

पण वाचणाऱ्याला विचारून बघा, फौजदार कुणाच्या लक्षात नसायचा. लक्षात राहायची ती मधली माणसं. दोन पानं येऊन जाणारी. आणि ती सगळी आमच्या गल्लीतली असायची.

आमच्याकडे इस्त्रीवाली काकू होती. तिला त्यांनी पुस्तकात रक्ताचा सदरा ओळखायला पोलीस ठाण्यात बोलावलं. काकू सदरा उलटापालटा करून म्हणते, "खुनाचं मला ठाव न्हाई साहेब, पर ही घडी आमच्याकडची न्हाई." किराणा दुकानवाले आप्पा होते, गळ्यात लिंग, कपाळाला विभूती, खोटं बोलायचं नाही असा नेम. त्यांना फौजदार विचारतो, खुनी दिसायला कसा होता? आप्पा म्हणतात, "तोंड न्हाई बघितलं. पर पिशवी घरून आणली होती. चांगल्या घरचा असंल."

काकूनं ते पुस्तक देवघरात ठेवलं. आप्पा गिऱ्हाइकाला साखर मोजता मोजता स्वतःच ते वाक्य म्हणून दाखवायचे. माणसं खूश होती. कंट्रोलर साहेब म्हणायचे, "मुख्य माणसाला काय, पुस्तकभर वेळ असतो. दोन पानांच्या माणसाला उंबऱ्यातच ओळख द्यावी लागते."

आता माझी तक्रार सांगतो. ती अजून जिवंत आहे.

नांदेड रोडला माझं जुन्या ट्रॅक्टरचं दुकान आहे. साहेब सुट्टीच्या दिवशी चहाला यायचे आणि एखाद्या ट्रॅक्टरच्या मडगार्डावर बसायचे. एकदा चाकूरच्या एका गिऱ्हाइकाशी माझी भावावरून जुंपली होती. मी तापट आहे, हे मला कुणी सांगायला नको. त्यानं टायरला लाथ मारून बघितली, मी त्याच्या अकलेला नावं ठेवली. तो निघून गेला, अर्ध्या वाटेवरून परत आला, आणि शेवटी माझ्याच भावाला ट्रॅक्टर घेऊन गेला. मी हसत वळलो, तर साहेबांच्या हातात चष्मा.

तेव्हाच त्यांना हाकलायला पाहिजे होतं.

पुस्तक आलं. मला वाचायची सवय नाही, म्हणून चहाच्या हॉटेलवाल्या मामानं मोठ्यानं वाचून दाखवलं. हॉटेल भरलेलं. गोष्टीत काय, तर एका जुन्या ट्रॅक्टरच्या दुकानात, ट्रॅक्टरच्या सीटवर मुडदा बसलेला सापडतो. फौजदार सुस्ते येतो. दुकानाचा मालक, म्हणजे मी, त्याला सांगतो, "साहेब, तपास सावकाश करा. पर आधी याला खाली उतरवा. मुडदा बसल्यानं भाव पडतो."

सगळं हॉटेल हसलं. मामा तर हसता हसता खाली बसला.

त्या एका वाक्यानं माझं काय केलं, ते ऐका. मुरूडपासून निलंग्यापर्यंतचे शेतकरी माझ्याकडं येतात. आता जो येईल तो सीटवर हात फिरवायचा आणि म्हणायचा, "मालक, ह्याच्यावर कुणी बसलं तर नव्हतं ना? मग जरा कमी करा की." ज्यानं आयुष्यात वाटाघाटीत हार खाल्ली नाही, त्याला प्रत्येक सौद्यात पहिलाच धक्का. आणि वर गिऱ्हाईक हसतंय.

मी पुस्तक घेऊन तडक स्टँडवर गेलो. साहेब खिडकीत होते. "लक्ष द्या, लातूर-उदगीर गाडी..." इतकं त्यांचं झालं होतं, तोवर मी खिडकीत तोंड घातलं.

"मी मुडद्याचा भाव करतो का हो? सांगा लोकांना! भाव करतो का?"

माइक चालू होता. सगळ्या फलाटांवर माझा आवाज गेला. उदगीरला निघालेली माणसं पिशव्या घेऊन उभी होती, ती तशीच माझ्याकडं बघत राहिली. साहेबांनी शांतपणे माइकवर हात ठेवला. मग दुसऱ्या हातानं चष्मा काढला.

पुढच्या पुस्तकात हे पण आलं. दोन पानं.

असं दर पुस्तकात चालू राहिलं. सुस्ते काही ना काही कारण काढून माझ्या दुकानात यायचा, मी त्याच्यावर ओरडायचो, आणि वाचणारे हसायचे. मला हसण्याचा राग नव्हता. मला वाटायचं, पुस्तकात जाणारच असेन तर नीट जावं. म्हणून एका दुपारी साहेबांना दुकानात बसवलं, दोनदा चहा पाजला आणि माझी गोष्ट सांगितली.

माझा बाप दुसऱ्यांचे बैल बाजारात पोचवायचा. निलंग्याकडच्या गावांतून बैल घेऊन पायी हाळी गावच्या बैलबाजारात जायचं. मागं बाप, पुढं मी, पायात काही नाही. बाजारात पोचलं की बापाचं काम संपायचं. मालक आणि व्यापारी उपरण्याखाली हात घालायचे. तुम्ही ते पाहिलं असेल. आधी तोंडानं सांगायचं, हजारात की शेकड्यात. मग कापडाखाली एकमेकांची बोटं धरायची. दोन धरली तर दोन, सगळा पंजा धरला तर पाच. भाव मान्य नसेल त्यानं हात काढून घ्यायचा. दोघांनीही धरून ठेवला, की सौदा पक्का. मग आकाश कोसळलं तरी तो मोडत नाही. माझ्या बापानं जन्मभर बैल पोचवले, पण उपरण्याखाली हात घालायची पाळी त्याच्यावर कधी आली नाही. मी पहिल्यांदा घातला, तेव्हा तो लांब उभा राहून माझ्या खांद्याकडं बघत होता. कारण हात दिसत नव्हता.

एवढं सांगून मी थांबलो. साहेबांनी चष्मा कधीच काढला होता.

"हे घाला," मी म्हणालो. "माझ्या बापाला घाला. मुडदा-बिडदा बास झाला."

ते म्हणाले, "मालक, हे दोन पानांत बसत न्हाई."

"मग पानं वाढवा."

"वाढवली की तुम्ही मुख्य माणूस व्हाल. मुख्य माणसाला मी झोपवून टाकतो. सुस्त्याचं बघा ना, काय झालं."

"ते मला सांगू नका. भाव करा." मी खांद्यावरचा टॉवेल काढला, दोघांच्या हातांवर टाकला आणि मोठ्यानं म्हणालो, "पानांत!" मग त्यांचा सगळा पंजा धरला. पाच.

त्यांनी हात सोडवून घेतला आणि माझी दोन बोटं धरली. दोन.

मी पुन्हा पंजा. त्यांनी पुन्हा दोन बोटं. मी चार धरली, मग तीन धरली. ते दोनच. वर चेहरा असा, की जणू निलंगा गाडीला उशीर आहे आणि त्याला कोण काय करणार. शेवटी मीच हात काढला. या धंद्यात केस पांढरे झाले माझे, एक इंचही न हलणारा हा एकच माणूस भेटला. आणि तोही माइकवाला! बैलाची शेपटी कुठून सुरू होते, हे त्यांना ठाऊक नव्हतं.

त्यानंतर प्रत्येक पुस्तकाच्या आधी ते यायचे, मडगार्डावर बसायचे आणि स्वतःच म्हणायचे, "काढा टॉवेल." मी पाच म्हणायचो, ते दोन. त्यांना त्यातच मजा यायची. मला यायची की नाही, ते सांगत नाही. पण ते येणार असले की मी टॉवेल धुऊन ठेवायचो.

ते रिटायर झाले त्या दिवशी मी स्टँडवर गेलो होतो. शेवटची गाडी पुकारायची वेळ आली. "लक्ष द्या. लातूर-नांदेड, चाकूर, अहमदपूर मार्गे जाणारी गाडी फलाटावर लागली आहे. वाटेत डाव्या हाताला आमच्या मालकांचं जुन्या ट्रॅक्टरचं दुकान लागतं. माणूस ओरडतो. माल खरा आहे."

स्टँड हसलं. मी खिडकीजवळ जाऊन म्हणालो, "हेच पुस्तकात लिहायला काय झालं होतं?" त्यांना ऐकू गेलं नाही, किंवा गेलंही असेल.

मग ते मुलाकडं नांदेडला राहायला गेले. पुस्तकं येईनाशी झाली. मला वाटायचं, लिहीत असतील.

आता साहेब नाहीत. गेल्या उन्हाळ्यात गेले. काकूनं इस्त्री बंद केली, आप्पांच्या दुकानात त्यांचा मुलगा बसतो आणि मशीन त्याला साखर तोलून देतं. स्टॉलवर मोबाइलची कव्हरं टांगलेली आहेत. स्टँडवर एक रेकॉर्ड केलेला बाईचा आवाज गाड्या सांगतो. तिच्या खिडकीत तोंड घालून भांडायची सोय नाही. पण अजूनही मुरूडकडचा एखादा म्हातारा येतो, सीटवर हात फिरवतो आणि माझ्याकडं तिरका बघतो. मी आधी ओरडतो. मग थोडं कमी करतो.

लोक म्हणतात, तुझी तक्रार संपली, माणूसच गेला. संपलेली नाही. उलट आता ती तक्रार राहिली नाही, वसूल करायचं येणं झालं आहे. कसं, ते सांगतो.

ते जायच्या आधी मी नांदेडला दवाखान्यात गेलो होतो. त्यांना अर्धांगाचा झटका आला होता. उजवी बाजू गेलेली, वाचा गेलेली. साहेबांच्या पत्नी, आमच्या वहिनी, कॉटजवळ बसल्या होत्या. मला बघून म्हणाल्या, "बघा हो, कोण आलंय. तुमचे ट्रॅक्टरवाले मालक."

ते माझ्याकडं बघत होते. चष्मा डोळ्यांवर नव्हता, खिडकीत ठेवलेला होता.

मी खुर्ची पुढं ओढली आणि नेहमीचंच बोललो. "साहेब, नवीन पुस्तकाचं कसं करायचं? पानांत बोला."

त्यांच्या अंगावर दवाखान्याची चादर होती. मी तिच्याखाली हात घातला. बाजारात डावा हात चालत नाही, पण त्यांचा तोच उरला होता. सगळा पंजा धरला. पाच.

आणि थांबलो. आता बोटं सोडवतील, आता माझी दोन धरतील. त्यांनी सोडवली नाहीत. हळूहळू त्यांची बोटं माझ्या हातावर मिटली. पाचही.

"वहिनी," मी म्हणालो, "साहेबांनी पाच दिली!"

वहिनींनी डोळ्यांना पदर लावला. "अहो, कोणाचाही हात असाच धरतात ते आता. सोडतच नाहीत. काल झाडूवाल्या बाईचा धरला होता."

"तिनं भाव सांगितला होता का?"

बापाची गोष्ट साहेबांना पुन्हा सांगावी असं वाटलं, पण ती त्यांना माहीत होती. ते चष्म्याशिवाय माझ्याकडं बघत होते आणि चादरीखाली हात तसाच होता.

तेवढ्यात नर्स आली. सलाइनची सुई बदलायची होती. तिनं चादर उचलली आणि मला म्हणाली, "काका, बाबांचा हात सोडा बरं."

मी म्हणालो, "आधी त्यांना सोडू द्या."