आबांचे खिळ्यांचे बूट

"आधी पाय रोव, मगे बोल!" असं म्हणून आबा डावा पाय दाणकन जमिनीवर आपटत. समोरचा खुर्चीत बसलेला असला तरी त्यालाही पाय रोवावा लागे. मी रजेचा अर्ज घेऊन गेलो तेव्हासुद्धा आधी पाय रोवला आणि मग तापाचं सांगितलं.

स्वातंत्र्याला सहा-सात वर्षं झाली असतील. नाहूरच्या पूर्वेला खाडीकाठी आमची मिठागराची कचेरी होती. खाडीत एक खांब, त्यावर फूट-इंचांची पट्टी. भरतीचं पाणी पट्टीवर किती चढलं ते आबांनी तिथून ओरडायचं, मी बांधावर लिहून घ्यायचं आणि मग मिठागराचं दार उघडायचं. बांधापासून खांबापर्यंत वीसेक दगड होते, आणि त्यांवर असं शेवाळ, की कावळ्यानेही विचार करून बसावं. खांबाशी उभं राहायला एक लाकडी फळी होती.

आबा माझे वरिष्ठ, मालवणकडचे. बावीस वर्षं त्या दगडांवरून गेले. पण त्या वर्षी दोनदा घसरले आणि दुसऱ्या वेळी मनगट मोडलं. साहेबांनी बजावलं, "सोमवारी मी स्वतः बघायला येणार. पुन्हा घसरलात तर कायमचे टेबलावर. खाडीत हा जाईल."

हा म्हणजे मी. मला पोहता येत नव्हतं आणि आबांना टेबलावर बसता येत नव्हतं. दोघांचीही झोप उडाली.

आबांनी जुन्या बाजारातून गमबूट आणले. त्यांना खिळे ठोकायचं ठरलं. स्टेशनाबाहेरच्या चप्पल शिवणाऱ्याने सांगितलं, बुटके खिळे घ्या आणि त्यांची जाड डोकी खाली येऊ द्या. आबांना हे मुळीच पटलं नाही.

"डोक्यान कोण धरून ऱ्हवता? धरता ता टोक!"

त्यांनी चांगले लांब खिळे घेतले, बुटाच्या आतून ठोकले आणि टोकं बाहेर काढली. आत गोणपाट घातलं. ते बूट घालून ते कचेरीभर फिरले. आमची लाकडी जमीन देवीचे वण पडल्यासारखी दिसू लागली. खिळ्यांच्या भोकांतून पाणी आत येईल, असं मी म्हणालो. तर त्यांनी टाचेपाशी आणखी एक भोक पाडलं. "इलेल्या पावण्याक जावक वाट नको?"

सोमवारी साहेब बांधावर छत्री टेकून उभे राहिले. आबा निघाले. खट, खट, खट. एकही पाय सरकला नाही. फळीवर चढून त्यांनी दोन्ही पाय दाणकन रोवले आणि ओरडले, "दोन फूट चार!"

"शाबास! या आता," साहेब म्हणाले.

आबा हलले नाहीत. फुगलेल्या फळीत खिळे पार रुतले होते. त्यांनी एक गुडघा उचलून पाहिला, दुसरा उचलून पाहिला, मग पट्टीकडे बघून गंभीरपणे ओरडले, "दोन फूट सात!"

"अहो, या ना!"

"पाणी चढतंय साहेब! बघायला नको?"

मी एकेक आकडा लिहीत होतो. पाच फुटांवर पाणी त्यांच्या कमरेला लागलं. "पाच फूट एक!" असं ओरडून आबांनी शेवटी बुटांतून पाय उपसले आणि अनवाणी, त्याच शेवाळावरून, बोटांनी दगड धरत धरत सरळ चालत आले.

"इतक्या चिकाटीने आकडे घेणारा माणूस मी पाहिला नाही," साहेब म्हणाले. "खाडी तुमच्याकडेच राहील. पण बूट कुठे गेले?"

आबांनी आधी पाय रोवला. "ओले झाले साहेब. तिथेच ठेवले."

ओहोटीला आम्ही पहार घेऊन गेलो. एक बूट निघाला. दुसऱ्याला आबांनी हात लावू दिला नाही. "ऱ्हवांदे तो. जागो राखता हा."

पुढे चार वर्षं आबा त्या दगडांवरून अनवाणीच गेले. मग निवृत्त होऊन गावी परतले आणि दोन पावसाळ्यांनी तिकडेच वारले. पत्र आलं त्या दिवशी कचेरीत मला रडू आवरलं नाही.

आता खाडीत मी जातो. अजून पोहता येत नाही. फळीवर तो बूट तसाच उभा आहे, आत एक खेकडा राहतो. मी त्याच्या शेजारी पाय ठेवतो. आधी नीट रोवतो, मग आकडा ओरडतो.