अंगाऱ्याला भ्यालेला नामा

नीराबाईच्या डोक्यातून एक गोष्ट काही केल्या जात नव्हती. तिचा मुलगा नामा देवळासमोरून जाईनासा झाला होता. आगरदांड्याच्या कोळीवाड्यातून धक्क्यावर जायचं तर गावदेवीचं देऊळ वाटेतच लागतं. हा मात्र खाजणातला चिखल तुडवत वळसा घालून जायचा. काल तिनं त्याच्या कपाळाला अंगारा लावायला हात उचलला, तर पोरानं मान झटकन मागे घेतली. चैत्रात, जत्रेच्या नाटकात घेतली होती, अगदी तशी.

बाप दर्यात बुडाला तेव्हा नामा तिच्या कमरेएवढा होता. मासळीच्या पाट्या वाहत वाहत मोठा झाला आणि अनंता तांडेलाच्या बोटीवर खलाशी लागला. ताडासारखी उंची, आणि आवाज असा, की धक्क्यावरून हाक मारली तर खाडीपलीकडे दिघीची माणसं वळून बघतील. त्या उंचीनं आणि आवाजानंच घात केला.

गावच्या शाळेतल्या हरेश्वर मास्तरांनी कॉलेजात एक इंग्रजी कादंबरी वाचली होती. मरूनही न मेलेला एक सरदार गलबतातून परक्या मुलखात उतरतो आणि माणसांचं रक्त पितो; क्रूस दाखवला की मात्र मागे सरतो. मास्तरांनी तिच्यावरून जत्रेसाठी नाटक रचलं. तालमी नीराबाईच्या अंगणात व्हायच्या. ती जाळं विणत ऐकायची.

"मास्तर, येवढा दांडगा, तो क्रूसाला कशाला भितो?" तिनं एकदा विचारलं.

"त्यांच्या देवानं क्रूसावर माणसांसाठी आपलं रक्त सांडलं, नीराबाई. त्याची आठवण म्हणून देवळात भाकर आणि द्राक्षाचा घोट प्रसाद देतात. हा सरदार त्या प्रसादाची उलटी चेष्टा करतो. स्वतः जगायला दुसऱ्याचं रक्त घेतो. म्हणून ती खूण त्याला सोसत नाही."

"म्हंजे एक देनारा, एक घेनारा."

"बरोबर. आपल्या गावात क्रूस कुणाला कळणार? आपण देवीचा अंगारा दाखवू. चुलीतली राख हो, खरा नाही."

जत्रेत नामा रक्तपिता झाला, तोंडाला कोकमाचं आगळ फासून. नायक होता अनंता. चुलीतली राख देवीच्या नावानं उधळायची त्याला भीती वाटली. दर्यावर पोट असलेला माणूस! कुणाला न सांगता तो देवळातल्या धुपाटण्यातून खरा अंगारा घेऊन आला आणि नामाच्या तोंडावर फेकला. नामा शिकवल्याप्रमाणे किंचाळत मागे कोसळला. टाळ्याच टाळ्या.

दुसऱ्या दिवशी अनंतानं ऐटीत सांगून टाकलं, की अंगारा खरा होता. लोक नामाकडे वळून बघायला लागले. त्याच आठवड्यात अनंताचं नवं जाळं खडकाला लागून फाटलं. झालं! देवीनं नामाला झिडकारलं म्हणे. अनंतानं त्याला बोटीवरून उतरवलं. तोवर मास्तर मुंबईला नोकरीला गेले होते.

आता श्रावण लागला होता. नारळी पुनवेला बोटी पुन्हा दर्यात जाणार. नीराबाई सरळ अनंताच्या बोटीशी गेली. तो खलाशांबरोबर फळ्यांच्या फटी बुजवत होता.

"पुनवेला माझा नामा तुझ्या बोटीवर पायजे."

"वयनी, खऱ्या अंगाऱ्याला मागं सरला तो. सगल्यांनी बगितला."

"त्याला शिकवला व्हता मागं सरायला! नाटकात तू शूर वीर झालेलास ना? घरी बायको पानी भरायला लावते, तो वीर कुटं गेला?"

एक खलाशी फस्सकन हसला. अनंता चिडला.

"देवीफुडं सोंग चालत न्हाय, वयनी."

"मंग तिचा अंगारा सोंगात आनलास कशाला?"

अनंता खाली मान घालून फटीत कापूस ठासत राहिला.

"तुझा भाऊ बुडत व्हता तवा तुफानात कोन उडी मारला? माझा नामाच ना? मंग सांग अनंता, माझा पोर देनारा की घेनारा?"

"मला कलतं, वयनी," तो हळू म्हणाला. "पन बाकीचे चढनार न्हाईत. मास्तरनं येऊन चारचौघांत सांगितला तर गोष्ट येगली."

ती तणतणत घरी आली. नामा भिंतीकडे तोंड करून बसला होता.

"आये, नको भांडू. मला ठावं नव्हता अंगारा खरा हाय. तरी चटका बसला. खरा चटका."

"धुपाटन्यातला निखाऱ्यावरचा तो! गरमच असनार, येड्या!"

"तसाच असंल," नामा म्हणाला. पण भिंतीकडचं तोंड त्यानं वळवलं नाही.

नीराबाईच्या अंगाचा तिळपापड झाला. अनंताचा राग, गावाचा राग, आणि सगळ्यात जास्त त्या मास्तराचा. परक्या देवाची खूण आमच्या देवीच्या गळ्यात अडकवून हा गेला मुंबईला! पावसाळ्यात आगबोट बंद, पत्र पोचून उत्तर येईतो पुनव उलटेल. पण जाताना मास्तर आपल्या चाळीखालच्या औषधाच्या दुकानाचा टेलिफोन नंबर देऊन गेले होते. आणि बंदर कचेरीत टेलिफोन होता. तिनं त्याला आजवर हात लावला नव्हता. कारकून हसेल. हसू दे मेला.

तिनं डोक्यावर घोंगडी घेतली आणि देवळासमोरच्या वाटेनंच बंदर कचेरीकडे निघाली. काय बोलायचं ते तोंडात तयार होतं: मास्तर, रस्त्यानं या न्हायतर चालत या, पन पुनवेआधी या. देवलाफुडं उभं रावा. मी खरा अंगारा फेकीन. तुमी किंचालून पडा. बगू दे सगल्यांना, शिकवलेला मानूस कसा पडतो तो.