चुना चाखणारं मिस्तरी

मिस्तरी चुना चाखून बघायचं. भिजवलेल्या चुन्याचा एवढासा ठिपका जिभंवर ठिवायचं, डोळं मिटायचं आन् म्हणायचं, "कच्चा हाय. अजून मुरू द्या." एकदा मीबी शहाणपणा करून चाखला. तीन दिस भाकरी दुधात कुस्करून खाल्ली.

निरवांगीच्या माळावर मोगलांच्या वक्ताचा मकबरा हाय. पावसात आमची मेंढरं तितंच शिरायची, म्हणून ल्हानपणी मला वाटायचं, त्यो मेंढरांसाठीच बांधलाय. किल्लारीच्या भूकंपात घुमटाला चीर गेली, तवा गावानं इंदापूरहून मिस्तरींना आणलं. बिगारी म्हणून मी. दुसरं काय येतच नव्हतं.

मिस्तरी बोटांनी घुमट वाजवायचं आन् कान लावून ऐकायचं. म्हणायचं, "गबाळ्या, ह्याला मदी एक खांब न्हाय. इटंनं इटंला धरलंय, तीनशे वरसं. तुला घटकाभर शिडी धरवंना."

घुमटात आतनं, अगदी मधोमध, चुन्याचं कमळ हुतं. आठ पाकळ्यांचं. चीर त्याच्यापतूर गेलेली. चुना उडून उडून मिस्तरींचा एक डोळा गेलेला, दुसरा जायच्या वाटंवर. "कमळ वाचलं की डोळा गेला तरी चालंल," म्हणायचं.

डोळा दावायला ते बारामतीला गेलं. जाताना बजावलं, "चुना मुरंपतूर चिरंला हात लावू नगंस."

घरी हौद बांधून अर्धं पोतं सिमिट उरलेलं. म्हणलं, मिस्तरींना खूश करावं. चीर सिमिटनं लिंपली, सांजंला दगडागत घट्ट. गावभर छाती काढून हिंडलो.

मिस्तरी आलं, शिडी चढलं, चीर वाजवली. हात तितंच थांबला.

"सिमिट?"

"व्हय. काढू का?"

"काढाय गेलास तर कमळ आजच पडंल. चुना ओल भाईर सोडतो रं. सिमिट कोंडून धरतं. पावसाळ्यात पडंल."

"शिव्या तरी द्या, मिस्तरी."

"नगं म्हणलो, पर का नगं ते सांगितलं न्हाय. माझंच चुकलं."

शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. शिव्या खायची मला सवय हाय.

पावसाळ्यात कमळ पडलं. मिस्तरींना तवर दिसायचं बंद झालेलं. नातीचा हात धरून आलं, घुमटाखाली बसलं. मी तुकडं गोळा करून दिलं. एकेक पाकळी चाचपून त्यांनी मांडीवर मांडली.

"वर किती ऱ्हायलंय?"

वर नुसत्या इटा हुत्या. मी म्हणलो, "निम्मं हाय, मिस्तरी."

त्यांनी मांडीवरनं परत बोटं फिरवली. पाकळ्या आठ हुत्या.

"बरं झालं," म्हणलं. "निम्मं तरी ऱ्हायलं."

त्याच हिवाळ्यात मिस्तरी गेलं. पुढं लोक मला चुन्याच्या कामाला बोलवाय लागलं, दुसरं कुणी उरलं न्हाय म्हणून. चाखल्याबिगर मी चुना लावत न्हाय. जीभ अजून भाजती.