एकशे सतरा नंबरचा कागद

अंबुजाच्या हातांना स्वस्थ बसणं ठाऊक नव्हतं. चेन्नईतल्या अण्णा नगरच्या एका वनस्पती-संशोधन संस्थेत तिने तीस वर्षं एकच काम केलं. तळ्यांतून, रानांतून आणून वर्तमानपत्रांत दाबून वाळवलेली झाडं जाड पांढऱ्या कागदावर चिकटवायची. एखादा देठ वाकडा राहिला तर तिला जेवण जात नसे. संस्थेतले लोक थट्टेने म्हणत, अंबुजाने चिकटवलेलं गवत जिवंतपणी काही एवढं देखणं नव्हतं!

त्यातूनच तर घोटाळा झाला. आळशी बाई असती तर काही बिघडलं नसतं.

संस्थेतले शेषाद्री सर दर रविवारी शहराबाहेर गुम्मिडिपूंडीकडच्या तळ्यांत उतरून पाणवनस्पती गोळा करत. प्रत्येक झाडाला नंबराची चिठ्ठी बांधत, आणि तो नंबर नि ते कुठल्या तळ्यात सापडलं हे ज्या वर्तमानपत्रात दाबलं त्याच्याच कडेला पेन्सिलीने लिहीत. वहीत उतरवायचं नंतर, सवडीने. ती सवड मिळायच्या आत सरांना कावीळ झाली आणि ते दोन महिने इस्पितळात पडले. परत येतील तेव्हा त्यांना टेबल मोकळं दिसावं, या मायेपोटी अंबुजाने साचलेली तीनशे झाडं चिकटवून टाकली. ठिकाणं वहीत असतीलच, असं ती धरून चालली. वर्तमानपत्रं मात्र चांगली होती, म्हणून घरी नेऊन फळ्यांवर अंथरली.

सर आले. चिकटवलेली शीट बघून हरखले. मग म्हणाले, "आणि ही ज्यांत दाबली होती ते कागद?"

तिने सांगितलं. सरांनी गठ्ठा नीट रचून ठेवला. "परवाइल्लै, अंबुजा," एवढंच म्हणाले. म्हणजे असू दे. उरलेसुरले कागद आणून द्यायचंही तिला त्या शरमेत सुचलं नाही. सरांनी आठवून बारा झाडांची ठिकाणं लिहिली आणि पेन खाली ठेवलं. अंदाजाने लिहिण्यापेक्षा कोरं बरं, म्हणाले. पुढे सर गेले. तळीही गेली, बहुतेकांवर आता कारखाने उभे आहेत.

अंबुजा पंचाहत्तरीची झाली तेव्हा संस्थेतली कौमुदी नावाची मुलगी तिला शोधत वेलचेरीच्या घरी आली. मूळची साताऱ्याची.

"मामी, गुम्मिडिपूंडीकडचं एक तळं पुन्हा जिवंत करायचं चाललंय. पूर्वी त्यात काय काय उगवायचं हे कळलं, तरच काय काय मेलंय ते कळेल. पण तिकडच्या झाडांच्या बारा सोडून बाकी शीटवर ठिकाणंच नाहीत हो. शेषाद्री सर फार निष्काळजी असावेत."

हे मात्र अंबुजाच्या काळजात घुसलं. तीस वर्षं सरांखेरीज कुणाला न सांगितलेलं तिने एका दमात सांगून टाकलं. "सर तसे नव्हेत गे. चूक माझी. त्यांचं नाव नको घेऊ."

मग दोघींनी घर धुंडाळलं. वेलचेरीत पुराचं पाणी दोनदा घरात शिरलं होतं, पण कागद काही पुराने नेले नव्हते. दरवर्षी पोंगलच्या सणाआधी अंबुजानेच ते बदलले होते. फक्त सगळ्यात वरच्या फळीवर, सासूच्या जड पितळी हंड्याखालचा एक कागद कधी हलला नव्हता.

कौमुदीने स्टुलावर चढून तो काढला. पिवळा पडला होता, पण पेन्सिलीची अक्षरं शाबूत होती. अंबुजाने चष्मा पुसून मोठ्याने वाचलं, "एकशे सतरा. कमरेइतकं पाणी. भरपूर. गुम्मिडिपूंडीच्या अलीकडे, रस्त्याच्या डावीकडचं..."

पुढे काही नव्हतं. फळीच्या मापात बसावा म्हणून कागदाची कड कात्रीने कापली होती, पट्टी लावल्यासारखी सरळ. इतकं सरळ कापणारं त्या घरात दुसरं कुणी नव्हतं.

"परवाइल्लै, मामी," कौमुदी म्हणाली. चेन्नईतल्या दोन वर्षांत एवढं तमिळ तिला आलं होतं.

"नको गे," अंबुजा म्हणाली. "तू तरी तसं म्हणू नको. रागव मला."