गोधडीखालची बासुंदी

मध्य भारत नावाचं वेगळं राज्य होतं तेव्हाची, १९५०च्या आसपासची गोष्ट. मी इंदूरला बी.एस्सी. करत होतो, देपालपूरच्या आमच्या घरातून कॉलेजात गेलेला पहिलाच. ताईचं लग्न इंदूरच्याच एका धर्मशाळेत होतं. संध्याकाळच्या सीमांतपूजनासाठी पातेलंभर बासुंदी आटली आणि निरोप आला: वऱ्हाडाची मोटर वाटेत बंद पडली, सकाळी पोचू.

आचारी महाराज म्हणाले, "फिकर नको. गरम राखेवर ठेवतो, वरून गोधडी. सकाळी कोमट मिळेल." आमच्यात व्याह्यांना गार वाढणं म्हणजे शिळं वाढणं.

मी मात्र घाबरलो. त्याच महिन्यात सरांनी जीव ओतून शिकवलं होतं: अन्नातले जंतू गारठ्यात सुस्त पडतात, पण अंगाएवढी ऊब मिळाली की भराभर वाढतात, काही तर विषही सोडतात.

"महाराज, कोमट ठेवली तर पाहुणे आजारी पडतील."

"अरे भिया, तीस साल बासुंदी आटवतोय! सकाळी एक उकळी देतो, मग तर झालं?"

"जंतू मरतील, पण काहींचं विष उकळूनही जात नाही."

"घ्या! कॉलेजवाल्यांच्या दुधात आता साप निघायला लागले!"

सगळे हसले. बाबा हसले नाहीत. "गार वाढली तर व्याही पानावरून उठतील रे," ते हळूच म्हणाले.

आई पुढे आली. तिने महाराजांना विचारलं, "विरजण कसल्या दुधाला लावता?"

"कोमट."

"का?"

"कढत किंवा गार दुधात दही लागत नाही, बाईजी."

"मग हा खरंच सांगतोय. गोधडी घालून दही लावतात, बासुंदी ठेवत नाहीत."

महाराजांनी गोधडी घडी घालून बाजूला ठेवली. मी सायकलवर बर्फाच्या लाद्या आणल्या, तरटात बांधून, पँट भिजवत. बासुंदी पसरट भांड्यांत ओतून रात्रभर बर्फात ठेवली. बर्फ वितळला की मामा नवा आणत. सकाळी लग्नाच्या स्वयंपाकात सगळ्या चुली अडकल्या आणि ती तापवायचं राहूनच गेलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी व्याह्यांनी पहिला घोट घेतला आणि वाटी खाली ठेवली. "गार आहे."

बाबांनी हात जोडले. व्याही मात्र खुलून म्हणाले,

"वैशाखात असं सुख आम्हाला कुणी दिलं नव्हतं! ही इंदूरची रीत का?"

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. "आमच्या घरातली आहे," ते म्हणाले.

"पुराणी रीत, साहेब!" म्हणत महाराजांनी त्यांच्या वाटीत आणखी एक पळी ओतली.