दाऊदनानांच्या कबरीच्या शोधात

आगबोट किनाऱ्यापासून लांबच नांगरली आणि होडीत उतरताना माझा एक बूट समुद्रात गेला. त्यामुळे कुवेतच्या भूमीवर मी पहिलं पाऊल टाकलं ते अनवाणी. घ्यायला आलेले माझे मेहुणे इक्बालभाई गाडीत बसेपर्यंत हसत होते.

आई आजीच्या पोटात असताना तिचे वडील, माझे दाऊदनाना, खलाशी म्हणून इकडे आले आणि तापानं इथंच गेले. त्यांची कबर शोधायची, आईनं शिवलेली हिरवी चादर तिच्यावर घालायची आणि ती कशी आहे ते आईला येऊन सांगायचं, एवढ्यासाठी मी रत्नागिरीहून निघालो होतो.

शहरातल्या मिरकाब भागात मेहुण्यांच्या खोलीवर झुबैदीचं (पापलेटचं) कालवण होतं. कोकम नव्हतं, तरी मी पोटभर जेवलो.

"ती चादर पेटीतच ठेव," इक्बालभाई म्हणाले. "हितं कबरीवर काय घालीत नाय."

मी कसला ऐकतोय!

तेलाचा पैसा आल्यापासून जुनी मातीची घरं भराभर पाडली जात होती. उरलेल्या एका घरात नानांच्या गलबताचा म्हातारा नाखवा भेटला. मुंबईच्या फेऱ्यांमुळे त्याला हिंदी छान येत होतं.

"रतनागिरीवाला दाऊद? मैंने खुद मिट्टी दी थी," म्हणत तो मला कबरस्तानात घेऊन गेला. बघतो तर सपाट वाळू आणि नाव नसलेले दगड.

"यातली त्यांची कोणती?"

"इसी तरफ. हम नाम नहीं लिखते, बेटा. सबको सलाम करो."

माझं डोकंच फिरलं. आता आईला काय सांगू? सलाम केला, पण घुश्शातच. चादर काखेतच राहिली.

त्याच्या घरी परतल्यावर त्यानं दाराबाहेरच्या रांजणातलं पाणी दिलं. ती सबील (मृताच्या नावानं ठेवलेली पाणपोई) होती.

"दाऊद के नाम की है. बुखार में पानी पानी करता था."

त्या काळी गोडं पाणी बसऱ्याहून गलबतानं यायचं, तरी त्यानं हा रांजण कधी कोरडा पडू दिला नव्हता. माझा राग कुठल्या कुठे गेला. त्या म्हाताऱ्याचा हात धरून मी रडलो.

घरी आल्यावर आईनं आधी कबरीचंच विचारलं. ओळखू आली नाही म्हटल्यावर तिचा चेहरा उतरला. मग मी रांजणाचं सांगितलं.

"तू प्यायलास?"

"दोन पेले."

तिनं परत आलेली हिरवी चादर मांडीवर घेतली.

"म्हणजे माझ्या बापानं तुला पाणी पाजलं," ती म्हणाली. "मला पाजायचं राहून गेलं होतं त्याचं."